पडद्यावरचं आकाश, हातातली कळ



ज्यांच्या स्मरणार्थ उदगीरची ही व्याख्यानमाला चालते, ते गणिताचे शिक्षक फळ्यावर आकृती काढल्याशिवाय बोलायचे नाहीत, असं मला संयोजकांनी सांगितलं. म्हणून मीही साहित्य घेऊन आलो आहे. टेबलावर एक जुना लॅपटॉप आहे आणि शेजारी मुलं गेम खेळतात तो कंट्रोलर आहे. मघाशी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘नातवाचं राहिलं का इथं?’ नातवाचंच आहे, पण आज काम आपलं आहे.

हौशी आकाशनिरीक्षकांनी वापरायची सॉफ्टवेअरं आणि त्यांत फिरण्याची साधनं, हा आजचा विषय. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली सुरू झाली, म्हणजे मराठी माणसाचा हा छंद आजचा नाही. मात्र तो बराच काळ मोठ्या शहरांत राहिला, कारण दुर्बीण, नकाशे आणि सांगणारा माणूस या तिन्ही गोष्टी तिथंच असायच्या. आता नकाशा फुकट मिळतो, आणि असा मिळतो की पूर्वीच्या वेधशाळांना हेवा वाटावा. तो वापरायचा कसा आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिली शंका सगळ्यांना येते ती अशी की, हे आकाश खरं का? पडद्यावर काहीही दाखवता येतं. सिनेमात सूर्य फुटलेला दाखवतात, मग यात आणि त्यात फरक काय?

याचं उत्तर उदगीरच्या अंगणातच आहे. हा भाग निजामाच्या राज्यात होता, उदगीर बिदर जिल्ह्यातला तालुका होता. त्या राज्याच्या राजधानीत नवाब जफर जंग नावाचे एक सरदार होते. इंग्लंडात शिकून आलेल्या या माणसाला दुर्बिणींचा नाद लागला आणि १९०१ साली त्यांनी हैदराबादजवळ स्वतःच्या जागेत वेधशाळा उभारली. म्हणजे तेही हौशीच, फक्त हौसेला नवाबी खिसा होता. ते वारल्यावर १९०८ साली सरकारनं ती ताब्यात घेतली आणि पुढे ती बेगमपेठेत हलवली. हीच निजामिया वेधशाळा.

तेव्हा जगभरच्या वेधशाळांनी मिळून एक अवाढव्य काम अंगावर घेतलं होतं. १८८७ साली पॅरिसला ठरलं की सगळं आकाश पट्ट्यापट्ट्यांत वाटून घ्यायचं, काचेच्या फोटोप्लेटांवर उतरवायचं आणि प्रत्येक प्लेटवरच्या प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून छापायची. दक्षिणेचा १७ ते २३ अंश क्रांतीचा पट्टा आधी चिलीतल्या सांतियागोकडे होता. त्यांच्याकडून ते झालं नाही, आणि तो हैदराबादकडे आला. १९१४नंतरची दहा-पंधरा वर्षं तिथली माणसं आठ इंची दुर्बिणीतून प्लेटा घेत होती आणि दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजत होती. टी. पी. भास्करन यांच्यासारख्या संचालकांनी हे काम तडीला नेलं. अनुराधा नक्षत्र आपण पाहतो ना, त्यातले काही ठळक तारे याच पट्ट्यात येतात. त्यांच्या आजूबाजूचे जे बारीक तारे डोळ्यांना दिसत नाहीत, ते हैदराबादला मोजले गेले.

नंतर या नोंदींचे छापील खंड कपाटात पडून राहिले. जाणकारसुद्धा म्हणायचे, मेहनत वाया गेली. मग १९८९ साली युरोपनं हिप्पार्कस नावाचा उपग्रह सोडला. त्यानं ताऱ्यांच्या जागा फार बारकाईनं मोजल्या, पण तीन-चार वर्षांपुरत्या. तारा वर्षाला किती सरकतो हे कळायला जुनी नोंद लागते, जितकी जुनी तितकी चांगली. तेव्हा ती कपाटं उघडली. जुन्या प्लेटांची मोजमापं आणि उपग्रहाची मोजमापं यांची सांगड घालून २००० साली टायको-२ नावाची तारासूची तयार झाली. तीत २५ लाखांहून जास्त तारे आहेत, आणि त्यांच्या गती ठरवताना हैदराबादच्या नोंदी कामी आल्या. स्टेलॅरियम या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ वर्षं हिप्पार्कसबरोबर हीच टायको-२ सूची होती. अलीकडच्या आवृत्त्यांत गाइया उपग्रहाची मोजमापं आली. गाइयानं सुमारे १८० कोटी तारे मोजले आहेत.

म्हणून उदगीरच्या एखाद्या मुलीनं मोबाइलवर अनुराधा मोठी करून पाहिली, तर तिच्या बोटाखालचे ठिपके कुणी मनानं मारलेले नसतात. ते मोजलेले आहेत, आणि मोजणाऱ्यांत तिच्या पणजोबांच्या राजधानीतली माणसं होती. एवढा एक मुद्दा पोहोचला तरी माझं निम्मं काम झालं.

ग्रहांचं वेगळं. त्यांच्या जागा सूचीत नसतात, त्या दर क्षणी गणितानं काढाव्या लागतात. इथंही आपली परंपरा आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिलं. ग्रहगणितात मोठाले दिवसांचे आकडे येतात. त्यांनी ४०१६ दिवसांचं, म्हणजे सुमारे ११ वर्षांचं, एक चक्र धरलं आणि आकडे लहान केले. ज्या-कोटिज्या टाळून सोप्या रीती बसवल्या. गावोगावच्या पंचांगकर्त्यांना पेलेल असं गणित त्यांनी दिलं आणि ते शतकानुशतकं चाललं. आजचं सॉफ्टवेअर फ्रेंच गणितज्ञांनी १९८७ साली मांडलेली हजारो पदांची सूत्रं वापरतं. अचूकता कितीतरी पटींनी वाढली. पण सामान्य माणसाला ग्रहाची जागा चटकन काढता यावी, ही धडपड तीच.

आता प्रत्यक्ष स्टेलॅरियम उघडू. फाब्यां शेरो या फ्रेंच तरुणानं २००० साली ते लिहायला घेतलं. आता जगभरचे लोक त्यात भर घालतात, आणि पैसे कुणी मागत नाही. उघडल्यावर पहिलं काम जागा बदलण्याचं. इंटरनेटवरून जागा ओळखू दिली तर ते खुशाल तुम्हाला दुसऱ्याच शहरात नेऊन बसवतं. एफ-६ दाबा आणि उदगीर भरा: अक्षांश १८.४ उत्तर, रेखांश ७७.१ पूर्व.

हे दोन आकडे भरले की खूप काही हाती लागतं. ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १८ अंशांवर बसतो, म्हणजे आपल्या अक्षांशाइतकाच. आता तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात न्या, वेळ रात्री साडेनवाच्या आतबाहेर, आणि तोंड दक्षिणेकडे करा. अगस्ती माथ्याच्या रेषेवर आलेला असेल. त्याची उंची बघा: १८.९ अंश. उत्तरेला ध्रुव जेवढा वर, जवळपास तेवढाच दक्षिणेला अगस्ती. अर्ध्या अंशाचा फरक. पुण्या-मुंबईकडंही थोडाफार असाच प्रकार आहे, पण दिल्लीकराला अगस्ती क्षितिजाजवळ दिसतो आणि लंडनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही. उदगीरचं आकाश उदगीरचं असतं, हे इथं आकड्यांत दिसतं.

घड्याळाचंही तसंच. सूर्य माथ्याच्या रेषेवर बाराला येतो असं आपण धरतो. उदगीरला तो सरासरी १२ वाजून २१-२२ मिनिटांनी येतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे. आणि १३ मेच्या सुमारास, मग पुन्हा जुलैअखेरीस, तो बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढगांनी घात केला तरी मेमध्ये शाळेच्या पटांगणात हे बघायला एक काठी पुरते. सॉफ्टवेअरनं आधी वेळ काढायची आणि मग उन्हात जाऊन ताडून बघायची. ताडून बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक गंमत. उदगीरच्या लढाईची तारीख ३ फेब्रुवारी १७६० अशी दिली जाते. स्टेलॅरियममध्ये ती भरा. माघी पौर्णिमा नुकतीच उलटलेली दिसते. चंद्र सिंह राशीच्या ताऱ्यांत आहे, आणि संध्याकाळनंतर उगवून रात्रभर आकाशात आहे. या लढाईतले मराठ्यांचे सेनानी सदाशिवरावभाऊ यांच्या छावणीवर त्या रात्री चांदणं होतं हे सांगायला बखर लागत नाही. ढग होते का, ते मात्र कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही.

आतापर्यंत आपण जमिनीवर उभे होतो. आता उडू. त्यासाठी सेलेस्टिया. ख्रिस लॉरेल यांनी २००१ साली ते आणलं, आणि तेही फुकट आहे. त्यात तुम्ही पृथ्वी सोडून कुठंही जाऊ शकता. एखादी वस्तू निवडून ‘जी’ दाबलं की काही सेकंदांत तिच्यापाशी पोहोचता. मुलं हेच करतात: शनी, जी, देवयानी दीर्घिका, जी. दहा मिनिटांत सगळं विश्व बघून होतं आणि कंटाळा येतो. माझ्या मते ‘जी’ ही त्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात नुकसानकारक कळ आहे. अंतर म्हणजे काय ते ती कळू देत नाही.

त्याऐवजी वरच्या रांगेतल्या कळा वापरा. एफ-२ दाबलं तर वेग सेकंदाला १ किलोमीटर. एफ-३ ला १००० किलोमीटर. एफ-४ म्हणजे प्रकाशाचा वेग, एफ-५ त्याच्या दहापट. एफ-६ ला सेकंदाला पृथ्वी-सूर्याएवढं अंतर, आणि एफ-७ ला सेकंदाला एक प्रकाशवर्ष. थांबायचं असेल तर ‘एस’. बस, एवढंच शिकवायचं आणि वर्गात घड्याळ लावायचं.

एफ-३ नं चंद्राकडे निघा. सेकंदाला हजार किलोमीटर हा वेग कुठल्याही यानाला अजून साधलेला नाही, तरी साडेसहा मिनिटं जातात. एफ-४ नं, प्रकाशाच्या वेगानं, सूर्यापर्यंत आठ मिनिटं वीस सेकंद. वर्ग चुळबुळायला लागतो. नेपच्यूनला त्याच वेगानं चार तास लागतील, तेव्हा एफ-६ दाबा: तीस सेकंद. मुलं म्हणतात, आता हा वेग ठेवू आणि जवळच्या ताऱ्याला जाऊ. गणित करायला लावा. तीन दिवस! लॅपटॉप तीन दिवस चालू ठेवायला कुणी तयार होत नाही, मग नाइलाजानं एफ-७. जवळचा तारा सव्वाचार सेकंदांत, रोहिणी साधारण एका मिनिटात, चित्रा चार मिनिटांत. पण आपली आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला याच वेगानं सत्तावीस-अठ्ठावीस तास, आणि देवयानी दीर्घिकेला जायला जवळजवळ महिना. हे मी भाषणात सांगून काही होत नाही. बोट कळेवर असलं आणि पडद्यावर काही हलेनासं झालं की पोराला ते समजतं.

दुसरा प्रयोग सप्तर्षींचा. त्यांच्याकडे निघा आणि मग बाजूला वळा. नांगरासारखी ती ओळखीची आकृती मोडते. पण सगळी एकदम नाही. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच जण ऐंशी प्रकाशवर्षांच्या आसपास एकत्र राहतात. क्रतू मागे १२३ वर पडतो आणि मरीची १०४ वर. ते पाच खरोखरच एका कुळातले आहेत, एकाच दिशेनं चाललेले. टोकाचे दोघे वाटेत भेटलेले. पृथ्वीवरून मात्र सातही एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात.

हे वळणं-फिरणं कळफलकावर जिकिरीचं होतं, आणि इथं हा कंट्रोलर उपयोगी येतो. सेलेस्टियात एफ-८ दाबलं की जॉयस्टिक चालू होते. हायडेलबर्गला तयार झालेलं गाइया स्काय तर असा कंट्रोलर लावूनच वापरावं, इतकं ते त्याला सोयीचं आहे. यूएसबीचा साधा गेमपॅड पाच-सातशे रुपयांत मिळतो.

पण कंट्रोलर हातात घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला दोनच गोष्टी सांभाळाव्या लागतात, पुढं-मागं आणि डावं-उजवं वळणं, कारण खाली रान आहे. अवकाशात रान नाही. तिथं सरकण्याचे तीन प्रकार आणि जागच्या जागी फिरण्याचे तीन, असे सहा स्वतंत्र हालचालींचे मार्ग आहेत. मुलं पहिल्यांदा उडवतात तेव्हा शनीची कडी उभी होते, मग आडवी, मग शनीच गायब. कारण सहांपैकी तीन गोष्टी ती नकळत एकदम हलवतात. मी सांगतो: आधी फक्त डावी काडी. पाच मिनिटं फक्त सरकायचं, वळायचं नाही. मग फक्त वळायचं. ज्याला हे साधलं, त्याला अकरावीतले तीन अक्ष आणि सदिश शिकवताना शिक्षकांचा घसा सुकत नाही. आपल्या लातूर पॅटर्नमध्ये याला गुण नाहीत, ते मला माहीत आहे.

सहाही हालचाली एका मुठीत देणारं साधनही आहे, त्याला स्पेसमाउस म्हणतात. टेबलावर बसवलेली एक जाड घुंडी. ती ढकला, ओढा, उचला, कलवा, पिळा, तसं दृश्य सरकतं. ही कल्पना जर्मनीच्या अवकाशसंस्थेत यंत्रमानवाच्या संशोधनातून आली. १९९३ साली अमेरिकी शटलमधून गेलेला एक यंत्रहात याच जातीच्या चेंडूनं हलवला गेला होता, काही वेळा थेट जमिनीवरून. आज आराखडे काढणारे इंजिनिअर ते रोज वापरतात. ते महाग आहे, शाळेनं घेऊ नये.

या सगळ्यात एक खोट आहे, ती सांगितली पाहिजे. सेलेस्टियात तुम्ही भुतासारखे उडता. वजन नाही, इंधन नाही, ‘एस’ दाबलं की जागच्या जागी थांबता. खरं यान असं थांबत नाही. ते शिकायचं असेल तर ऑर्बिटर आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वाइगर यांनी २००० साली दिलेलं. त्यात अंतराळस्थानक समोर काही किलोमीटरवर दिसतं. स्वाभाविकपणे तुम्ही इंजिन लावून पुढं झेपावता, आणि थोड्या वेळानं स्थानक आणखी लांब गेलेलं असतं! वेग वाढवला की कक्षा उंचावते, मोठी होते, आणि फेरीला जास्त वेळ लागतो. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरावं लागतं. हा नियम केप्लरचा, पुस्तकात एका ओळीत आहे. ऑर्बिटरमध्ये तो घामाघूम करून शिकवतो.

मोबाइलचं थोडक्यात. फोन आकाशाकडे धरला की तिथले तारे दाखवणारी ॲप्स असतात. तिथं फोन स्वतःच कंट्रोलर. त्यातलं होकायंत्र कव्हरच्या लोहचुंबकानं बिनदिक्कत फसतं. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, आणि ध्रुव जागेवर आहे का ते आधी बघा. पुढं कुणी मोटर लावलेली दुर्बीण घेतली, तर स्टेलॅरियममध्ये तारा निवडून ती त्याच्याकडे वळवताही येते. त्याची घाई नको.

आणि विश्वास किती ठेवायचा? ताऱ्यांच्या दिशांवर डोळे मिटून. जवळच्या अंतरांवर पुष्कळ. लांबच्या ताऱ्यांच्या अंतरांवर जपून. आर्द्रेचं अंतर आजही वेगवेगळ्या मोजणीत बरंच वेगळं येतं. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर जे निळे समुद्र आणि तांबडे डोंगर दिसतात, त्यांवर अजिबात नाही. ते चित्रकारानं रंगवलेले असतात, किंवा संगणकानं रचलेले. स्पेस इंजिन नावाच्या देखण्या सॉफ्टवेअरमध्ये तर मोजलेलं आणि रचलेलं शेजारी शेजारी असतं. मुलांना प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायची सवय लावा: हे कुणी मोजलं?

प्रश्नांवरून आठवलं, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. उदगीरच्या साहित्य संमेलनाच्या आधीच्या, नाशिकच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत अजित केंभावी आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्याच पर्सिस्टंट कंपनीबरोबर आभासी वेधशाळेचा भारतीय प्रकल्प चालवला. त्यातून व्हीओप्लॉट नावाचं साधन निघालं. जगाच्या वेधशाळांची आकडेवारी घरबसल्या मागवून तिचे आलेख काढायचे, हे त्याचं काम. म्हणजे मराठी मुलखानं अशी सॉफ्टवेअरं नुसती वापरली नाहीत, लिहिलीही आहेत. औंढा नागनाथला गुरुत्वलहरींची वेधशाळा मंजूर झाली आहे. ती चालू होईल तेव्हा आकडेवारी हाताळणारी पोरं मराठवाड्यातही लागतील.

आता मागणं. स्टेलॅरियममध्ये चीनची, इजिप्तची, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची अशी वेगवेगळ्या लोकांची आकाशं आहेत. एक कळ दाबली की त्याच ताऱ्यांवर दुसरी चित्रं येतात. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड, कोलाम, बंजारा, कोरकू लोकांमध्ये फिरून त्यांचं आकाश नोंदवलं, शोधनिबंध छापले. गोंडांच्या आकाशात सप्तर्षींची खाट आहे आणि ती पळवणारे तीन चोर आहेत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही खाट आणि चोर ठाऊक असतात. उदगीरभोवती तांडे आहेत, वाड्या आहेत, रात्री मोटेवर आणि राखणीला जागलेली माणसं अजून आहेत. कोणता तारा उगवला की कोणतं काम काढायचं, हे त्यांना विचारा. वीस वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

स्टेलॅरियमची ही आकाशं साध्या मजकुराच्या फायलींत असतात. कोणत्या ताऱ्यापासून कोणत्या ताऱ्यापर्यंत रेघ, आणि त्या आकृतीचं नाव. बारावी शिकलेल्या मुलालाही ती फाईल करता येते. पावसाळा संपला की इथल्या महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावं. प्रत्येक गावातून दोन मुलं, वही, पेन्सिल आणि स्टेलॅरियम असलेला एक फोन. आजीला अंगणात बसवून तिचं बोट जिकडे जाईल तो तारा फोनवर ओळखायचा आणि नोंद करायची. गाव, तारीख, वेळ आणि सांगणाऱ्याचं वय लिहायला विसरू नका. फाईल बनवायला मदत लागली तर मला कळवा, मी येईन.